गांधीलमाशीला आमंत्रण आहे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील आठ-दहा जणांनी मिळून एक बेत केला. रविवारच्या मिस्सेनंतर पाऊस उघडण्याची वाट पाहत चर्चच्या पडवीत जो तास गप्पांत जातो, तो एखादे चांगले पुस्तक वाचण्यात घालवावा. पुस्तक निवडले ते ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाचे, ‘अ पॅसेज टू इंडिया’. ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानाविषयी लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांत तिला मानाचे स्थान आहे. डेव्हिड लीन यांनी १९८४ साली तिच्यावर काढलेला चित्रपट आमच्यापैकी काहींनी पाहिलेलाही होता. बेत कानी पडताच आमच्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हरकत घेतली. साहेबाने साहेबांविषयी लिहिलेले पुस्तक. साहेब जाऊन पाऊणशे वर्षे उलटून गेली. आता त्याचे आपल्याला काय?

या हरकतीला उत्तर देण्यासाठी आम्हांला फार दूर जावे लागले नाही. न्यू पॅलेसपर्यंत जाणे पुरेसे होते.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्या राधाबाई, म्हणजेच आक्कासाहेब महाराज, यांचा विवाह १९०८ साली देवास थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. देवास हे माळव्यातील मराठ्यांचे संस्थान. एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पाती, दोन राजे आणि दोन दरबार. या तुकोजीरावांचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे फॉर्स्टर यांचे केंब्रिजमधील स्नेही. त्यांच्यामुळे १९१२ सालच्या नाताळच्या सुमारास फॉर्स्टर प्रथम देवासला आले आणि १९२१ साली काही महिने महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून तेथे राहिले. त्या वर्षीची देवासची गोकुळाष्टमी त्यांनी जवळून पाहिली आणि तीच पुढे कादंबरीच्या तिसऱ्या भागात उतरली. म्हणून या इंग्रजी पुस्तकाच्या अखेरीस टाळ-मृदंग आहेत, तुकारामबुवांच्या नावाचा गजर आहे आणि गोडबोले आडनावाचे प्राध्यापक देहभान विसरून नाचत आहेत. तुकोजीराव आणि आक्कासाहेब यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव पुढे १९४७ साली दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. ज्यांच्या नावाचे संग्रहालय पाहण्यास आपण पाहुण्यांना आवर्जून नेतो, ते शहाजी छत्रपती हेच.

मुख्याध्यापक यावर काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी ते पुस्तक घेऊन आले.

कथानक थोडक्यात असे. चंद्रपूर नावाच्या कल्पित गावात डॉक्टर अझीझ हे सरकारी इस्पितळात काम करणारे मुसलमान गृहस्थ आहेत. विलायतेहून आलेल्या वृद्ध मिसेस मूर यांच्याशी त्यांची एका मशिदीत गाठ पडते आणि मैत्री जुळते. मिसेस मूर यांचा मुलगा गावचा मॅजिस्ट्रेट आहे. त्याच्याशी लग्न करावे की नाही हे ठरविण्यासाठी अडेला क्वेस्टेड ही तरुणी त्यांच्याबरोबर आली आहे. अझीझ या दोघींना मराबारच्या लेण्यांची सहल घडवितात. (बिहारमधील गयेजवळच्या बराबर लेण्यांवरून फॉर्स्टर यांनी ही लेणी बेतली.) लेण्यात काहीतरी घडते, किंवा काहीच घडत नाही, लेखकाने ते अखेरपर्यंत सांगितलेले नाही. अझीझने आपल्यावर हात टाकला असा आरोप अडेला करते. अझीझला अटक होते. सारी गोरी वसाहत एक होते. सरकारी कॉलेजचे प्रिन्सिपॉल फील्डिंग तेवढे अझीझच्या बाजूने उभे राहतात आणि त्यासाठी क्लब सोडतात. खटल्याच्या दिवशी भर कोर्टात अडेला आपला आरोप मागे घेते.

एवढ्या मोठ्या घडामोडींच्या पुस्तकात आमच्या मंडळीच्या मनात घर करून राहिली ती मात्र एक गुंडी. फील्डिंग यांच्या घरी अझीझ प्रथमच जातात, तेव्हा फील्डिंग यांची कॉलरची मागची गुंडी मोडलेली असते. अझीझ स्वतःच्या कॉलरची गुंडी काढून देतात आणि माझ्याकडे जादा होती असे दडपून सांगतात. त्याच संध्याकाळी मॅजिस्ट्रेटसाहेब अझीझची वर सरकलेली कॉलर पाहतात. मागाहून ते शेरा मारतात की या लोकांचे असेच. वरून झकपक आणि बारीकसारीक गोष्टींत गबाळेपणा. वाचकाला खरे काय ते माहीत असते. सत्ताधाऱ्याला ते माहीत नसते आणि विचारून घ्यावे असे त्याला वाटतही नाही. परसत्तेवर मोठाले ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण ज्याच्यावर आपली हुकमत चालते त्याच्याविषयी काही जाणून न घेता मत बनविता येते, हे एका गुंडीत सांगणारे लेखन आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही. वाचन त्या दिवशी तेथेच थांबले. एक भगिनी म्हणाल्या, ‘आमची कामवाली बाई उशिरा आली की मी काय म्हणते, ते आठवलं.’

असो. आता मुख्य प्रश्नाकडे वळू. राज्यकर्ता आणि रयत यांच्यात मैत्री होऊ शकते काय?

कादंबरी हा प्रश्न पहिल्याच भागात काही मुसलमान स्नेह्यांच्या तोंडून मांडते आणि शेवटच्या पानावर त्याचे उत्तर देते. अझीझ आणि फील्डिंग घोड्यांवर जोडीने चालले आहेत. दोघांनाही एकमेकांचे मित्र व्हायचे आहे. पण घोडे फाकतात, वाट अरुंद होते, आणि जणू जमीन आणि आकाशच त्यांना अजून वेळ आलेली नाही असे सांगतात. हे उत्तर पुष्कळांना निराशेचे वाटते. आम्हांला ते प्रामाणिकपणाचे वाटते. दोन माणसे सज्जन आहेत एवढ्याने त्यांच्यामधील तराजू समतोल होत नाही. फील्डिंग यांनी क्लब सोडला, तरी त्यांना दुसरी नोकरी आणि दुसरा देश होता. अझीझला तुरुंग होता.

कोल्हापूरकरांना हे परक्याने सांगण्याची गरज नाही. चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असे ठरवून सरकारने त्यांना नगरच्या किल्ल्यात ठेवले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्या विशीतल्या राजाचा अंत झाला. त्यांच्या हालअपेष्टांविषयी लिहिल्याबद्दल झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना आदल्याच वर्षी डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले होते. त्याच गादीवर पुढे शाहू महाराज आले. त्यांचे गुरू स्टुअर्ट फ्रेझर हे गोरे अधिकारीच होते आणि महाराजांनी त्यांच्याशी अखेरपर्यंत स्नेह राखला. तेव्हा स्नेह असू शकतो. तो खोटाही नसतो. पण एका बाजूला गादी देणारे आणि काढून घेणारे सरकार उभे असताना त्या स्नेहाने किती भार पेलावा, हा प्रश्न उरतोच.

(जाता जाता एक गंमत. अझीझ एका ठिकाणी तक्रार करतो की हे दक्षिणी ब्राह्मण, इंग्रजांनी हिंदुस्थान मोगलांकडून नव्हे, आमच्याकडून घेतला, असे सांगत फिरतात. हे वाचताना आमच्या मंडळीत जो हशा पिकला, तो फॉर्स्टर यांनी ऐकावयास हवा होता.)

स्वतः फॉर्स्टर यांच्या मैत्रीचे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. तुकोजीरावांवर त्यांचा फार जीव. पुढे संस्थान कर्जात बुडाले, मुलगा बापाच्या भयाने घर सोडून गेला, सरकारने चौकशीचा लकडा लावला आणि महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. तेथेच १९३७ च्या डिसेंबरात ते वारले. फॉर्स्टर यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आपली जुनी पत्रे छापून या बदनाम झालेल्या मित्राची बाजू मांडली. मित्रधर्म म्हणून ते उत्तमच झाले. परंतु त्या साऱ्या कथेत कोल्हापूरची लेक कोठे आहे? संसार मोडला आणि आक्कासाहेब माहेरी परत आल्या. त्या पुस्तकात ही गोष्ट आपल्याला भेटते ती नवऱ्याच्या मित्राच्या लेखणीतून. ज्या लेखकाने गुंडीची गोष्ट लिहिली, त्याच्याही नजरेतून एक बाजू निसटलीच. आम्ही हे दोष दाखविण्यासाठी लिहीत नाही. मैत्रीचा उजेड एका माणसावर पडला की त्याच्या शेजारी उभे असलेले माणूस सावलीत जाते, आणि हा दोष बहुधा प्रेमळ माणसांकडूनच घडतो, एवढेच आम्हांला म्हणावयाचे आहे.

आता आपल्या ख्रिस्ती वाचकांना अधिक जवळचा असा एक भाग. कादंबरीत ग्रेसफर्ड आणि सोर्ली नावाचे दोन मिशनरी अगदी अल्प काळ येऊन जातात. ते गावाबाहेर कत्तलखान्याच्या पलीकडे राहतात, रेल्वेने तिसऱ्या वर्गाने प्रवास करतात आणि क्लबाकडे फिरकत नाहीत. पित्याच्या घरी सर्वांना जागा आहे, काळ्या-गोऱ्यांपैकी कोणालाही दारातून परत पाठविले जाणार नाही, ही त्यांची शिकवण. मग प्रश्न सुरू होतात. माकडांचे काय? वृद्ध मिशनरी नाही म्हणतात. तरुण सोर्ली जरा पुढारलेले, ते माकडांना जागा देतात, कोल्ह्यांनाही देतात. गांधीलमाशीपाशी मात्र ते चाचरू लागतात, आणि संत्रे, निवडुंग, चिखल, त्यांच्या स्वतःच्या पोटातील जंतू येथवर आल्यावर तेही थांबतात. कोणाला तरी वगळलेच पाहिजे, नाहीतर आपल्या हाती काही उरणार नाही.

फॉर्स्टर श्रद्धावंत ख्रिस्ती नव्हते. येथे ते आपल्याला किंचित चिमटा काढीत आहेत हे उघड आहे. पण चिमटा योग्य जागी बसला आहे. पुढे तिसऱ्या भागात गोडबोले नाचता नाचता सर्व वस्तुमात्राला प्रेमात सामावून घेऊ पाहतात. त्यांना एक वृद्ध इंग्रज बाई आठवते, मग एक गांधीलमाशी आठवते. दोन्ही त्या प्रेमात सामावतात. मग ते एका दगडाकडे वळतात आणि तेथे त्यांचेही बळ सरते. म्हणजे मिशनऱ्याची सीमा गांधीलमाशीपाशी आणि हरिभक्ताची दगडापाशी. त्याच देवळात भिंतीवर इंग्रजीत एक वचन रंगविलेले आहे, परमेश्वर आणि प्रीती यांना एकच म्हणणारे. आपल्याला ते संत योहानाच्या पत्रातून परिचित आहे. रंगाऱ्याने त्यातील दोन अक्षरांची अदलाबदल केली आहे. आणि एक गोष्ट आणखी: उत्सवात देव मंदिराबाहेर निघण्याआधी वाद्ये वाजविण्याचा मान झाडूवाल्यांचा आहे, ज्यांना मंदिरात पाऊल ठेवण्याची मुभा नाही. फॉर्स्टर यांनी त्यांच्यासाठी योजलेले इंग्रजी शब्द यशया संदेष्ट्याने दुःखी सेवकाविषयी काढलेल्या उद्गारातले आहेत. गुड फ्रायडेला ते वाचन ऐकणाऱ्या कोणालाही ही खूण चुकणार नाही.

आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासातही या प्रश्नाने एक चमत्कारिक वळण घेतलेले आहे. आमचा हा भाग त्या काळी ज्या पुणे धर्मप्रांतात मोडत असे, तो जर्मन जेझुइट धर्मगुरूंच्या हाती होता. पहिले महायुद्ध पेटले आणि कालपर्यंत गोरे म्हणून ज्यांना मान होता, ते शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध झाले, मायदेशी धाडले गेले. बिशप हेन्रिक डोरिंग यांना आपल्या धर्मप्रांतात परतता येईना. १९२१ साली त्यांना जपानात हिरोशिमाला धाडण्यात आले आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. पुण्याच्या गादीवर पहिले भारतीय बिशप, आंद्रू डिसोझा, बसले ते १९४९ साली, म्हणजे साहेब गेल्यावर. साम्राज्याच्या छायेत सुवार्ता सांगणाऱ्यांना त्या छायेचा लाभही मिळाला आणि चटकाही बसला. आपल्यापैकी ज्यांना शाळा मिळाली, औषध मिळाले, अक्षर मिळाले, त्यांनी कृतज्ञता सोडू नये. परंतु यजमान कोण होता आणि पाहुणा कोण, हेही विसरू नये.

येथवर चर्चा बरी चालली होती. अडचण झाली ती खटल्यानंतरच्या भागापाशी.

अझीझ निर्दोष सुटतो. अडेलाकडून वीस हजार रुपये भरपाई मागण्याचा त्याला हक्क आहे. फील्डिंग त्याला म्हणतात, सोडून दे. ती धीराने खरे बोलली, आपल्या माणसांचा रोष पत्करून बोलली, आता तिला धुळीस मिळवू नकोस. अझीझ बरेच दिवस ऐकत नाही. अखेर मरण पावलेल्या मिसेस मूर यांच्या आठवणीखातर तो पैशावर पाणी सोडतो आणि केवळ खर्चाची रक्कम घेतो. क्षमा झाली. पण पुढे फील्डिंग विलायतेला जातात, त्यांच्या लग्नाची वार्ता येते, आणि अझीझला वाटते की त्यांनी अडेलाशीच लग्न केले; माझा पैसा वाचविला तो स्वतःसाठी! वस्तुतः फील्डिंग यांनी मिसेस मूर यांच्या मुलीशी लग्न केलेले असते. खरे कळल्यावरही ती तेढ पुरती जात नाही.

आमच्या मंडळीतील बहुतेकांनी अझीझला दोष दिला. क्षमा केली तर मनापासून करावी, संशय कशाला? प्रभूने सत्तर वेळा सातपट सांगितले आहे, वगैरे. आम्हीही त्याच सुरात बोलत होतो. तेवढ्यात त्या कामवालीची आठवण काढणाऱ्या भगिनी आमच्याकडे पाहून हलकेच म्हणाल्या, ‘ती चेनची गोष्ट आठवते का?’

आठवत होती. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात सोन्याची चेन हरवली. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मुलीवर आळ आला. मुलगी आपल्याच धर्मग्रामातली, अठरा-एकोणीस वर्षांची. पोलिसांत कोणी गेले नाही. पण गल्लीत बोभाटा झाला आणि तिची चारही घरची कामे सुटली. महिन्याभराने चेन कपाटामागे सापडली. मग कुटुंबाला वाईट वाटले, आणि समजूत घालण्यासाठी आम्ही तिघे-चौघे त्या मुलीच्या आईकडे गेलो. आम्ही तिला क्षमेविषयी सांगितले. चांगले सांगितले, असे तेव्हा वाटले होते. त्या बाईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘माफ केलं की. पर चेन गावली म्हणून गल्लीत कुणाला सांगितलासा का?’

आम्ही कोणालाच सांगितले नव्हते. त्या कुटुंबानेही नाही. आपल्यातल्या आपल्यात मिटले, असे आम्ही धरून चाललो होतो.

या प्रश्नाच्या उजेडात आम्ही ती प्रकरणे घरी पुन्हा वाचली. अडेला ही काही आवडावी अशी स्त्री नाही, कोरडी, हिशेबी. अझीझला ती कधीच आवडत नाही आणि वाचकालाही फारशी आवडत नाही. पण ज्या कोर्टात आरोप झाला त्याच कोर्टात, त्याच लोकांसमोर, तिने तो मागे घेतला. त्याची किंमत म्हणून ठरलेले लग्न गेले, आसरा गेला, स्वतःची माणसे गेली. तिच्याजवळ माया नव्हती, पण ऋण कोठे फेडावयाचे हे तिला कळले होते. फील्डिंग यांच्याजवळ माया होती. आणि त्यांनी काय केले, तर सोसलेल्या माणसालाच आणखी मोठे मन करावयास सांगितले. ज्याचे नुकसान झाले त्याने उदार व्हावे, हे सांगणारा बहुधा ज्याचे काही नुकसान झालेले नाही असाच असतो. आम्ही त्या दिवशी त्या बाईच्या घरी फील्डिंग होऊन गेलो होतो, आणि क्लबही सोडलेला नव्हता.

क्षमा ही आज्ञा आहे याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पण ती आज्ञा प्रभूने ज्याला द्यावयाची त्याला दिली आहे. अपराध्याच्या घरून वकीलपत्र घेऊन ती दुसऱ्याच्या दारी बजावावयास जाण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? वेदीपाशी अर्पण ठेवताना, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर आधी जाऊन समेट कर, असे मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. तेथे जावयाचे आहे ते ज्याच्याकडून चूक घडली त्याने. मिस्सेत आपण शांतीची खूण देतो ती बाकावर शेजारी बसलेल्याला. आणि बाकावर शेजारी कोण बसते, हे पुष्कळदा आधीच ठरलेले असते.

सप्टेंबरात वाचन संपले. त्यानंतर एका रविवारी आम्ही आणि त्या भगिनी त्या घरी गेलो. ज्यांची चेन हरवली होती त्या कुटुंबातील थोरले गृहस्थही आले. त्यांना तयार करण्यास तीन आठवडे लागले होते, आणि वाटेत दोनदा ते परत फिरावयास निघाले. मुलगी आता इचलकरंजीला दिली आहे. आई घरी होती. तिने आम्हांला ओळखले, बसा म्हणाली. खुर्ची एकच होती. ती त्या गृहस्थांपुढे सरकविली, पण ते उभेच राहिले. दार उघडेच होते, ते आम्ही लावून घेतले नाही. गृहस्थ बोलू लागले तशी शेजारची एक बाई उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. मुलीच्या आईने तिला हात करून आत बोलाविले आणि म्हणाली, ‘ये, ऐक गं.’